आधी चित्र, मग नकाशा

मंगळाच्या चित्रांची ही माझी वही मी तुमच्यात फिरवायला देतोय. जरा जपून. आत शाई नाही, सगळं शिसपेन्सिलीचं काम आहे. घामेजलेलं बोट फिरलं तर मंगळावर कधी न झालेलं धुळीचं वादळ उठेल. पहिल्या पानावर ऑगस्ट 2003 आहे. एक वर्तुळ, वरच्या कडेला पांढरा ठिपका आणि मधे कुणीतरी अंगठा घासल्यासारखा काळपट पट्टा. संपलं. त्या महिन्यात मंगळ जवळपास 60 हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ होता, साडेपाच कोटी किलोमीटरच्या जरासा पलीकडे, आणि सहा इंची दुर्बिणीला डोळा लावून तासभर बसल्यावर माझ्या हाती एवढंच लागलं. मी चांगलाच खट्टू झालो होतो. आता वाटतं, या वहीतलं सगळ्यांत खरं चित्र कदाचित तेच असेल. का, ते पुढे येईलच.

त्याच वर्षी तो प्रसिद्ध निरोप सुरू झाला, ‘27 ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार’. दर ऑगस्टमध्ये तो अजूनही कुणाच्या ना कुणाच्या फोनवर उगवतो. गंमत अशी की मूळ वाक्य खोटं नव्हतंच. 75 पट मोठा करून पाहिला तर दुर्बिणीतला मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा भासेल, असं ते होतं. पुढे ढकलता ढकलता ‘75 पट’ गळून पडलं आणि मंगळ फुगला. हिशेब सोपा आहे. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे 1800 विकलांचा (एका अंशात 3600 विकला). 2003 मधला मंगळ 25 विकलांचा. भागाकार करा, 72 येतात.

मग चंद्रावरचे डाग नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसतात आणि तेवढाच मोठा केलेला मंगळ धुरकट का? एक तर मंगळावरचे डाग मुळातच फिके. दुसरं म्हणजे मंगळ 75 पट मोठा केला की मधली हवाही 75 पट खदखदते. आयपीसमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात, दिसते ती वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेली केशरी गोटी. पाणी मधूनच थांबतं, अर्धा सेकंद, फार तर एक सेकंद. तेवढ्यात जे दिसलं ते आपलं. पुन्हा खळखळ सुरू.

या छंदात घाई चालत नाही, कारण मंगळच घाई करत नाही. सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत, मधे आपण, ही प्रतियुती सरासरी 780 दिवसांनी येते. शिवाय प्रत्येक प्रतियुती सारखी नसते. मंगळाची कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार आहे. प्रतियुती उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, आली तर मंगळ साडेपाच-पावणेसहा कोटी किलोमीटरवर येतो, अपसूर्याजवळ, म्हणजे तो सूर्यापासून सर्वांत लांब असताना, आली तर दहा कोटींवरच थबकतो. चांगल्या प्रतियुत्या पंधरा किंवा सतरा वर्षांनी येतात. 1988, 2003, 2018 या तशा होत्या, पुढची 2035 च्या सप्टेंबरात. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला धडधाकट डोळ्यांनिशी तीन-चार. त्यातली एखादी ढगांनी खाल्ली तर तक्रार कुणाकडे करायची?

आता प्रत्यक्ष चित्र कसं काढतात ते सांगतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवायची. दुर्बिणीतला आरसा घरातल्या उबेत असला की त्याच्यावरच गरम हवेचे पदर चढतात आणि आपण उगाच आकाशाला दोष देतो. कागदावर 50 मिलिमीटरचं वर्तुळ आधीच काढून ठेवायचं. मंगळ प्रतियुतीपासून दूर असेल तर तो पूर्ण गोल नसतो, एका कडेला खांडलेला असतो. ती कड आधी आखून घ्यायची. मग पहिली दहा-पंधरा मिनिटं पेन्सिलीला हातही लावायचा नाही. नुसतं बघायचं. हे नव्या लोकांना फार जड जातं. डोळा हळूहळू शिकतो. आधी फक्त केशरी रंग, मग ध्रुवावरची बर्फाची पांढरी टोपी, मग टोपीभोवतीची काळी किनार, मग गडद पट्टे, आणि नशीब असेल तर कडेवरचा निळसर ढग.

चित्राला सुरुवात टोपीपासून. ती जागेवर बसली की दिशा पक्की होते. त्यानंतर सगळ्यांत गडद भागांच्या बाह्यरेषा, फिकट हाताने. आणि इथे घड्याळात बघून वेळ लिहायची, चित्र पूर्ण झाल्यावर नाही. कारण मंगळ आपल्यासाठी थांबलेला नाही, तासाला साडेचौदा अंश फिरतोय. पाऊण तास रेखाटत बसलात तर पहिली रेघ एका मंगळाची आणि शेवटची दुसऱ्याच मंगळाची. पंधरा मिनिटांत सांगाडा उभा करायचा. छटा नंतर भरता येतात; मऊ पेन्सिल, कागदाची गुंडाळी करून केलेलं घोटणं आणि उजळ भाग उचलायला टोकदार खोडरबर.

एक आडवळण घेतो. ताऱ्यांची नोंद करताना आपण लाल दिवा वापरतो, डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून. मंगळाला त्याची गरज नाही. तो इतका तेजस्वी असतो की अंधाराला सरावलेला डोळा उलट दिपतो, रंग आणि छटा हरवतात. मी साधा मंद पांढरा दिवा वापरतो. पाहणाऱ्या मित्रांना हे पाप वाटतं, वाटू दे.

मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा थोडा लांब, 24 तास 37 मिनिटांचा. त्यामुळे रोज त्याच वेळी पाहिलं तर काल मधोमध असलेली जागा आज तिथे यायला 37-38 मिनिटं उशीर करते. रोज साधारण साडेनऊ अंशांचा फरक. सगळा गोल एका ठिकाणाहून बघून व्हायला पाच-साडेपाच आठवडे लागतात. दोन महिने ठरावीक वेळी बाहेर बसणाऱ्याला हे आपसूक कळतं. क्रिस्तियान हॉयगेन्स या डच खगोलशास्त्रज्ञाला 1659 च्या नोव्हेंबरात असंच कळलं. त्याने 28 तारखेला एक काळा त्रिकोणी डाग काढला, पुढच्या रात्रींत तो पुन्हा त्याच जागी आला, आणि मंगळाचा दिवस आपल्याएवढाच असावा असं त्याने लिहून ठेवलं. तो डाग म्हणजे सिर्टिस मेजर. वहीत ऑक्टोबर 2020 चं पान काढा, तोच त्रिकोण तिथे आहे. मी हॉयगेन्सपेक्षा बरा चित्रकार नाही, फक्त माझा आरसा त्याच्या भिंगापेक्षा चांगला आहे.

आता नोव्हेंबर 2005 चं पान. कोपरा दुमडलेला आहे, सापडेल. चित्र सुंदर आहे, हे मीच म्हणतो. वर्तुळाच्या मधोमध एक गोल काळा ठिपका, भोवती उजळ कडं, जणू डोळा. याला सोलिस लाकस म्हणतात, ‘मंगळाचा डोळा’ हे त्याचं टोपणनाव. त्या रात्री चित्रापूर्वी मी तक्त्यातून मध्य रेखांश काढला, म्हणजे त्या वेळी मंगळाचा कोणता रेखांश आपल्याकडे तोंड करून आहे ते. उत्तर आलं 90 अंश. नकाशा उघडला, तिथे सोलिस लाकस. आयपीसला डोळा लावला आणि खरंच दिसला! हवा स्थिर होती, मी त्याच्या कडेच्या उजळ पट्ट्यातल्या बारीक रेघासुद्धा काढल्या.

चार दिवसांनी वही नीट करताना लक्षात आलं की तक्ते जागतिक वेळेचे, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळाचे, होते आणि मी त्यात माझ्या घड्याळाची स्थानिक वेळ घातली होती. खरा मध्य रेखांश होता सुमारे 10 अंश. सोलिस लाकस त्या वेळी पार कडेला चिकटून उगवत होता, मधोमध तो असणं शक्यच नव्हतं. मधोमध होता सायनस मेरिडियानी, आकाराने अगदी वेगळा. म्हणजे मी जे बघितलं ते काहीतरी काळपट होतं, आणि जे काढलं ते नकाशातलं होतं. खोटेपणा केला असता तर बरं वाटलं असतं, निदान आपण खोटं बोलतोय हे कळलं असतं. मला तर तो डोळा दिसला होता.

म्हणून मंगळावरच्या कालव्यांच्या गोष्टीवर लोक हसतात तेव्हा मला हसू येत नाही. 1877 साली मिलानच्या वेधशाळेत जिओव्हान्नी स्कियापारेल्लीने 22 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळाचा नकाशा केला आणि त्यावर बारीक रेघा काढून त्यांना ‘कानाली’ म्हटलं. इटालियनमध्ये त्याचा अर्थ चर किंवा प्रवाह असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचा खोदलेला कालवा झाला. 1894 पासून पर्सिव्हल लोवेलने अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफला खास वेधशाळा उभारून त्या कालव्यांचं जाळंच्या जाळं काढलं, आणि ते खोदणारे मंगळवासीही त्याला पटले. लोवेल मूर्ख नव्हता. त्याची दुर्बीण 24 इंची होती, त्याची चिकाटी माझ्या दसपट होती. त्याच्याकडे फक्त नकाशा आधी होता.

1903 मध्ये एडवर्ड मॉन्डर या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. ग्रिनिचच्या एका शाळेतल्या मुलांसमोर मंगळाचं चित्र लांब टांगलं, त्यावर ठिपके आणि अनियमित खुणा होत्या, कालवे नव्हते, आणि दिसतं ते काढा म्हणून सांगितलं. ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी सरळ रेघा काढल्या. डोळ्याला विखुरलेले ठिपके धरता येत नाहीत, तो ते जोडून टाकतो. आणि 20 सप्टेंबर 1909 च्या रात्री पॅरिसजवळच्या म्यूदाँला 83 सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर यूजेन आंतोनियादी हा खगोलशास्त्रज्ञ बसला होता. हवा विलक्षण शांत होती. त्याला कालव्यांच्या जागी छोट्या छोट्या, वेड्यावाकड्या डागांची गर्दी दिसली. मला या माणसाबद्दल सगळ्यांत जास्त आदर आहे, कारण त्याने आधी स्वतःच्या चित्रांत कालवे काढलेले होते. स्वतःची जुनी वही खोडून काढायला मोठ्या दुर्बिणीपेक्षा जास्त काहीतरी लागतं.

2018 चं पान बघितलं की नवखे लोक विचारतात, हे अर्धवट का सोडलं? सोडलेलं नाही. पंधरा वर्षं वाट पाहिलेली प्रतियुती, 27 जुलै, चकती 24 विकलांची. मे महिन्याच्या अखेरीस मंगळावर वादळ उठलं आणि जून संपायच्या आत त्याने सगळा ग्रह झाकला. 10 जूननंतर मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीचा संदेशसुद्धा आला नाही. धुळीने सूर्यच झाकला, तिच्या सौर पट्ट्यांतून वीज मिळेना. मी बाहेर बसलो, रात्रीमागून रात्री, आणि दुर्बिणीत होती एक गुळगुळीत पिवळट गोळी. लाल फिल्टर लावला, एरवी तो काळे भाग उठवतो, तरी काही नाही. हाताला फार खाज सुटते हो अशा वेळी! सिर्टिस मेजर आज कुठे असायला हवा हे मला पाठ होतं. काढू का हलकासा? नाही काढला. तेरा वर्तुळं आहेत त्या महिन्यातली, बहुतेक रिकामी, खाली ‘टोपीचा पुसट भास’ एवढीच नोंद. ऑगस्टच्या मध्यापासून डाग परत येताना दिसतात, आधी धुक्यातून, मग एकेक करून.

तुम्ही विचाराल, आता साध्या कॅमेऱ्याने हजारो फ्रेम घेऊन, त्यातल्या चांगल्या निवडून, एकावर एक रचून आठ इंची दुर्बिणीतून असले फोटो निघतात की जुन्या वेधशाळांनी तोंडात बोटं घालावीत, मग हे घोटणं कशाला? वाद घालत नाही. फोटोत जास्त दिसतं आणि खरं दिसतं. मी काढतो कारण काढल्याशिवाय मला बघता येत नाही. ‘हा डाग त्या डागाला चिकटलेला आहे की मधे फट आहे?’ हा प्रश्न पेन्सिल हातात असल्याशिवाय पडतच नाही.

2005 नंतर एकच नियम पाळतो. आधी चित्र, मग नकाशा. मध्य रेखांश दुसऱ्या दिवशी काढायचा. दुमडलेल्या पानाखाली लाल पेन्सिलीने ‘10 अंश’ लिहिलेलं दिसेल, चित्र मात्र पुसलेलं नाही.

तर, गेल्या महिन्यात, 16 जानेवारी 2025 ला प्रतियुती झाली. लहानखुरी होती, 14.6 विकलांची, आणि आता मंगळ आणखी मागे सरलाय, बारांच्या आसपास आहे. चंद्राएवढा बघायचा तर दीडशे पट लागतील. या खेपेला त्याचा उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला आहे, आणि दुर्बीण चित्र उलटं दाखवते, म्हणून टोपी खालच्या कडेला शोधा, 2003 च्या पानासारखी वर नाही. दुर्बीण मी बोलायला उभा राहण्याआधीच बाहेर ठेवलीय, आरसा एव्हाना गार झाला असेल. वर्तुळं काढलेले कागद दाराशी आहेत, एकेक घ्या. शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नका. आणि आत्ता मंगळाची कोणती बाजू समोर आहे ते मला विचारू नका, मीही अजून बघितलेलं नाही.