पंपिंगचा आकडा आणि मिठावरची भांडणं

मंडळी, टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात आला की पेशंट आधी एकच आकडा शोधतो. 'पंपिंग 30 टक्के.' आपण 35 ला पास करणाऱ्या शाळांतून शिकलेली माणसं. 30 म्हणजे नापास, 70 टक्के हृदय गेलं, असा हिशोब घरी जाताना रिक्षातच होऊन जातो. खरं तर धडधाकट हृदयही दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. 30 हा आकडा कमीच आहे, औषधं लागणारच. पण किती आयुष्य उरलं हे तो सांगत नाही, आणि नीट औषधं घेतल्यावर अनेकांचा तो वरही चढतो. सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती मिळाली नाहीत की माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग शरीराला पुरेनासं होणं. ते असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला औदासीन्य, म्हणजे डिप्रेशन असतं. ते ओळखणं मात्र अवघड. थकवा, तुटक झोप, मंदावलेली भूक ही हृदयाचीही लक्षणं आणि मनाचीही. म्हणून दोन गोष्टी सरळ विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस मन खिन्न होतं का? आणि पूर्वी आवडायचं त्यात रस उरलाय का? क्रिकेट लागलंय आणि बाबा स्कोअरही विचारत नाहीत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग डिप्रेशनची गोळी सुरू करायची का? इथे अभ्यासांचे निष्कर्ष जरा गैरसोयीचे आहेत. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅम या दोन औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, 2010 आणि 2016 मध्ये निकाल आले. दोन्ही औषधं नुसत्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. पण तेवढ्यावरून चालू असलेली गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नका, काहींना तिची गरज असतेच. पण समुपदेशन आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेला चालण्याचा व्यायाम यांना आपण 'जमलं तर' म्हणून शेवटी ठेवतो, ते चूक आहे. समुपदेशनाच्या 2015 च्या एका चाचणीत उदासी खरोखर कमी झाली. पथ्यपाणी मात्र त्यामुळे सुधारलं नाही! मन ताळ्यावर आलं की माणूस आपोआप लोणचं सोडतो, असं नाही. पथ्याची घडी वेगळी बसवावी लागते.

आणि ती बसवताना घराघरांत भांडण पेटतं. मीठ नको म्हणून बायको पापड उचलून नेते, नवरा शेजारी जाऊन फरसाण खातो. तिचा पोलीस होतो, त्याचा चोर. माझं मत स्पष्ट आहे: वजनाची वही पेशंटच्या हातात द्या. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि त्यानेच लिहायचं. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, साठलेलं पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आकडा त्याने स्वतः पाहिला की फरसाणाबद्दल बायकोला बोलावं लागत नाही, निदान रोज तरी नाही.

आता त्या बायकोबद्दल. रात्री ती झोपत नाही, श्वास ऐकत असते. दम लागून त्याला दोनाच्या तीन उश्या लागल्या की तिच्याच पोटात गोळा येतो, नेऊ की थांबू? हा निर्णय रात्री दोन वाजता एकटीवर टाकायचा नसतो. कधी फोन, कधी थेट दवाखाना, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. आडवं पडून दम लागायला लागला तर त्याच दिवशी फोन, बसूनही दम आवरत नसेल तर थेट दवाखाना, हे त्यात असलंच पाहिजे. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात जोडीदाराच्या सेवेने ताणाखाली आलेल्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त आढळला होता. तेव्हा फोनवरून फक्त सल्ले देणाऱ्या मुलांनी आणि दिरांनी महिन्यातल्या काही रात्री स्वतः येऊन सांभाळाव्यात. आणि तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात का, हेही कुणीतरी विचारावं.

बोलायला कुणीच नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो. पेशंटइतकाच तो त्याला सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.