खांद्यावरची तारीख

[डबा टॉवेलवर उपडा होतो. नाण्यांचा आवाज पूर्ण जाऊ द्यावा, मग निवेदन.]

कॉफीचा पत्र्याचा डबा आणि त्यात पाच सेंटची जुनी नाणी. अमेरिकेत त्यांना सगळे ‘निकेल’च म्हणतात. नाव निकेल असलं तरी त्यात निकेल पाव हिस्साच, बाकी तांबं. वजन बरोबर पाच ग्रॅम.

हे पेनसिल्व्हेनियातलं एक स्वयंपाकघर. डबा ज्यांचा आहे त्या आजोबांनी आधी जाड टॉवेल अंथरला. नाण्यावर नाणं घासलेलंसुद्धा त्यांना खपत नाही.

सर्वांत जुनं निकेल 1866 सालचं, त्यावर ढाल असते. ते या डब्यात निघालं नाही, म्हणून पडद्यावरही नाही. हे आलं त्याच्यानंतरचं, 1883 सालचं. छाप्यावर लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, काट्यावर रोमन पाचाचा ठळक व्ही. पण पाच काय? सेंट की डॉलर? पहिल्या नाण्यांवर ‘सेंट्स’ हा शब्दच नव्हता. पाच डॉलरचं सोन्याचं नाणं आकाराने जवळपास एवढंच, तेव्हा लबाडांनी निकेलला सोन्याचा मुलामा दिला आणि दुकानांतून खपवलं. टांकसाळीने त्याच वर्षी शब्द घातला. बिनशब्दाची नाणी परत घेतील, मग दुर्मीळ होतील, या आशेने लोकांनी ती राखून ठेवली. घरोघरी राखली, म्हणून आजही मुबलक मिळतात आणि स्वस्त आहेत. त्याच वर्षाचं, शब्द असलेलं नाणं मात्र जास्त भाव खातं, आणि ते तर तिपटीने पाडलं होतं.

[जवळून: बोटाच्या पेरावर बफेलो निकेल, उजेड तिरका.]

आता हे. 1913 ते 1938. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर. एका बाजूला मूळनिवासी अमेरिकन पुरुषाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बफेलो. खरं तर तो बायसन, पण नाव पडलं ते पडलं. कॅमेरा इथे जरा रेंगाळलाय, रेंगाळू द्या. गालाचं हाड पाहा, वेणी पाहा. एवढ्याशा धातूत एवढं कोरीवकाम क्वचितच दिसतं.

पण फ्रेझरने तारीख ठेवली या पुरुषाच्या खांद्यावर, नाण्याच्या सगळ्यात उंच भागांपैकी एकावर. खिशात, गल्ल्यात, यंत्रात जे घासतं ते आधी खांद्याला घासतं. ‘फाइव्ह सेंट्स’ ही अक्षरंही आधी बफेलोच्या पायाखालच्या टेकाडावर होती. ती झिजतील हे लक्षात आल्यावर त्याच वर्षी ती खाली, सपाट रेषेखाली घेतली. तारखेची जागा तशीच राहिली. म्हणून या ढिगात त्रेचाळीस नाण्यांना चेहरा आहे, वर्ष नाही.

ज्यांना वर्ष आहे, त्यांना भिंगाखाली उलटं करायचं. ‘फाइव्ह सेंट्स’च्या खाली टांकसाळीचं बारीक अक्षर असतं. डी असेल तर डेन्व्हर, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. आपल्याकडेही तसंच: रुपयावर वर्षाखाली हिरा असला तर तो मुंबईचा, काहीच नसलं तर कोलकात्याचा. इथे 1926 आणि एस जुळले, तर आजोबा खुर्ची पुढे ओढतात. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत 9 लाख 70 हजार नाणी पाडली गेली, या मालिकेत दहा लाखांच्या आतलं हे एकमेव. त्यानंतर नजर शिंगावर जाते. शिंग टोकापर्यंत दिसतंय का, यावर पुढचं मोल.

[थेंब. वेग कमी केलेलं चित्रण.]

वर्ष नसलेल्या एका नाण्यावर हा फेरिक क्लोराइडचा थेंब. हौशी लोक सर्किट बोर्ड कोरायला वापरतात, तेच रसायन. ठसा पडताना आकड्यांच्या जागी धातू वेगळा दाबला गेलेला असतो. तो दाब वर झिजला तरी आत शिल्लक राहतो, आणि रसायन तिथे वेगळं चावतं. बघा. आधी तपकिरी डाग. मग एक. मग नऊ. तिसरा आकडा धूसर, बहुधा दोन. शेवटचा यायला अजून थोडा वेळ… सात.

1927. आणि त्याभोवती हा खरबरीत चट्टा, जो आता कधीच जाणार नाही. असं नाणं जाणकार हातात घेतात, बघतात आणि परत ठेवतात. चिंच-मीठ लावून चकाचक केलेल्या नाण्याचंही तेच.

हे पुढचं आजोबांच्या वहीतलं, डब्यातलं नव्हे. 1937, डेन्व्हर. पाय मोजा. पुढचा उजवा पाय नाही, खूर मात्र जमिनीवर आहे! नाणं पाडायच्या ठशावरचे ओरखडे काढताना कुणाचा तरी हात जरा जास्त चालला आणि ठशातूनच पाय गेला. तीन पायांचं हे नाणं झिजलेलं असलं तरी काही शे डॉलरला जातं, त्यामुळे साध्या नाण्याचा पाय खरवडून विकणारेही आहेत. खऱ्यावर पोटाखालून जमिनीपर्यंत बारीक ठिपक्यांची ओळ उठलेली असते. खोट्यावर भिंगाखाली नुसत्या हत्याराच्या रेघा.

डब्यात 1937 आणि डी अशी तीन नाणी निघाली. चारही पाय शाबूत.

[काळपट नाण्यांचा छोटा ढीग.]

ही दुसऱ्या महायुद्धातली, राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या चेहऱ्याची. 1942 ते 45. निकेल युद्धासाठी लागत होतं, म्हणून यांत 35 टक्के चांदी, बाकी तांबं आणि मँगॅनीज. ओळखायला वर्ष वाचायचीही गरज नाही: मागे मॉन्टिसेलो, म्हणजे जेफरसनचं घर, त्याच्या घुमटाच्या वर मोठं अक्षर आहे का, एवढंच पाहा. चांदीचा भाव तो यांचा भाव.

[दिवा तसाच. आजोबांचे हात.]

वर्ष नसलेली बेचाळीस नाणी परत डब्यात जातात. दुकानात दिली तर दोन डॉलर दहा सेंट. चट्टा पडलेलं 1927 सालचं नाणं त्यांनी टेबलावरच ठेवलंय, टॉवेलच्या बाहेर.