पांदणीतली जीप: तयार घ्यावी का स्वतः बांधावी

हा जो रस्ता स्क्रीनवर दिसतोय ना, ही आमची पांदण. आर्वी तालुका, वर्धा जिल्हा. डांबरी सुटली की इथून आमचं वावर पावणेतीन किलोमीटर, मधात एक नाला, दोन्ही बाजूनं बाभळी अन् बोरी, आणि खाली सगळी काळी माती. एप्रिल-मे मध्ये या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाचा पाऊस झाला की हीच माती फुगते, चाकाला अशी गुंडाळते की मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरायचंच थांबतं. बंडी जाते, ट्रॅक्टर कसातरी जातो, बाकी सगळं डांबरीवर उभं. निंदणाच्या बाया संध्याकाळी सहाला निघाल्या की हातात चपला घेऊन हे सगळं अंतर तुडवतात, आणि ऑक्टोबरात पाऊस परत फिरला तर वेचलेला कापूस वावरातल्या खोपडीतच अडकून पडतो. म्हणून आमच्याकडे कोणी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी, घ्यायची म्हटलं तर घरचे नाही म्हणत नाहीत, फक्त विचारतात किती लागतील.

आणि मग प्रश्न येतो, कोणीतरी आधीच मॉडिफाय केलेली तयार गाडी घ्यायची, का साधी जुनी घेऊन आपण बांधायची. मी तयार घेतली. माझ्या मामेभावानं बांधली. गाडी दोघांची एकच, महिंद्राची एमएम 540, तीच प्यूजोच्या 2.1 लिटर डिझेलवाली, समोर-मागं दोन्हीकडं स्प्रिंगचे पाटे, दोन्हीकडं सरळ अ‍ॅक्सल. दीड वर्ष मी दोन्ही गाड्या शूट करतोय आणि आता जे सांगतोय ते त्यातूनच सांगतोय.

माझी गाडी पहिल्यांदा पाहिली तो फोटो हा बघा. मॅट हिरवा रंग, 31 इंची मड टायर, समोर विंच म्हणजे फसलेली गाडी दोरानं ओढून काढायची मोटर, बाजूनं स्नॉर्कल म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप, टपावर लाइटची पट्टी. फेब्रुवारी महिना होता. विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, बोलायला गोड माणूस, डांबरीवर चक्कर मारून दिली, एका कोरड्या टेकाडावर चढवून दाखवली, आणि मी तीन लाख चाळीस हजार मोजून गाडी घरी आणली. गावातली पोरं दोन दिवस तिच्याभोवती होती. मी खाली वाकून पाहिलं नाही, हे खरं.

जूनच्या दुसऱ्या पावसाला नाल्याच्या चढावर समोरून कडकन आवाज आला आणि स्टेअरिंग उजवीकडं ओढलं गेलं. ट्रॅक्टरनं ओढून गाडी गावात आणली. आमच्या गावचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, चाळीस वर्षं ट्रॅक्टर अन् जीपा खोलताहेत. मी म्हटलं चाचा तुम्ही बघा बरं, तर म्हणाले, "वरून काय पाह्यतं बावा, खाली घूस अन् पाय." गेलो खाली. त्यांनी वायरब्रशनं काळा अंडरकोट घासला आणि जे निघालं ते तुम्ही क्लोजअपमध्ये बघा. फ्रेमला जिथं पाट्याचा हँगर बसतो तिथं जुनी तड, तिच्यावर पट्टी ठेवून मारलेला वेल्ड, वेल्डला बुडबुडे, आणि त्या वेल्डच्या कडेनं नवी तड गेलेली. चाचांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बंडीच्या आखालेबी असा वेल्ड मारत नाही मी."

मग एकेक निघत गेलं. गाडी उंच करायला फक्त लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक फ्रेमला जोडणारे दुवे, टाकले होते. त्यानं काय होतं, समोरच्या अ‍ॅक्सलचा कल बदलतो, कॅस्टर, म्हणजे चाकाला सरळ धरून ठेवणारा कोन, बिघडतो आणि पन्नासच्या वर गाडी रस्त्यावर भटकायला लागते, मी म्हणायचो जुनी गाडी आहे, असंच असेल. गियरबॉक्सची ताकद चाकांकडं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा अँगल वाढल्यामुळं त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, खाऊन गेले होते. ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक तेलाची रबरी नळी, मात्र जुन्याच लांबीचा, चाक पूर्ण खाली लटकलं की तो ताठ ओढला जायचा, म्हणजे एखाद्या खड्ड्यात तुटला असता तर ब्रेकच गेले असते, आणि त्या गाडीत मी बाया बसवून आणत होतो. ही गोष्ट मला अजूनही झोपू देत नाही.

टायरचं पण ऐका. या जीपला 6.00-16 चे अरुंद टायर बसतात, साधारण पावणेएकोणतीस इंच उंचीचे. त्याजागी 31 इंची टाकले आणि बाकी काही बदललं नाही तर मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 64-65 ला असते, शंभर किलोमीटर चालली तर मीटरवर ब्याण्णव-त्र्याण्णवच पडतात, आणि लो गियरची ओढ त्याच हिशोबानं कमी होते. म्हणजे चिखलासाठी टायर टाकला आणि चिखलात लागणारी ताकदच घटवली. जुनी मॉडिफाय गाडी घेताना मीटरवरचे किलोमीटर पाहून खूश होऊ नका, टायर कधी बदलले ते आधी विचारा.

स्नॉर्कल उघडला तर आतला पाइप एअर फिल्टरच्या डब्याला लागतच नव्हता, डब्बा तसाच बाजूनं उघडा. हे जीवावरचं काम आहे. इंजिनात पाणी शिरलं की पाणी हवेसारखं दबत नाही, पिस्टन वर येतो, जागा नसते, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथंच बसतं. स्नॉर्कल पाहून माणूस नाल्यात जास्त खोल घालतो, त्यामुळं खोटा स्नॉर्कल हा नसलेल्या स्नॉर्कलपेक्षा वाईट.

पण सगळ्यात मोठा फटका कागदात बसला. गाडीत इंजिन दुसरं निघालं, मोठं 2.5 लिटरचं, आणि आरसीवर नंबर जुन्याच इंजिनाचा. पंधरा वर्षांच्या वरची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते, तपासणीला गाडी न्यावी लागते, तिथं हे लपत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, त्यात स्पष्ट आहे की आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, कंपनीनं बनवलेल्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही, इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन आरसीवर चढवून घ्यावं लागतं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हेच पक्कं केलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत 182ए आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे नीट ऐका. समोरच्या बुलबारवर तर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. विम्याचंही तसंच, बदल पॉलिसीत लिहून घेतला नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करू शकते. मॉडिफाय केलेला आधीचा मालक पैसे घेऊन मोकळा होतो, उत्तर द्यायला उभा तुम्ही राहता, कारण आरसीवर नाव तुमचं.

आता मामेभावाकडं चला. त्यानं यवतमाळ जिल्ह्यातून एका रिटायर मास्तरांची जीप घेतली, एक लाख ऐंशी हजारात, अगदी कंपनीतून निघाली तशी. दिसायला गबाळी, खालचा पत्रा सडलेला, ताडपत्री फाटलेली. पण फ्रेमवरचा चासी नंबर यानं रॉकेलनं पुसून वर कागद ठेवून पेन्सिलनं छापा घेतला, आरसीशी एकेक आकडा ताडून पाहिला, इंजिन नंबर जुळवला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्रेम टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेला, कुठं आवाज बोद येतो का ते. दारांवर आणि मडगार्डवर चुंबक फिरवला, पुट्टी जाड असेल तिथं चुंबक धरत नाही. मास्तर दीड तास उन्हात उभे राहिले बिचारे, पण चिडले नाहीत.

गाडी आणली आणि पहिलं वर्षभर यानं एकही दिखाऊ वस्तू लावली नाही. ब्रेकचे सिलेंडर, सगळे होज, किंगपिनचे बेअरिंग, सगळे ऑइल सील, नवं वायरिंग. चौदा महिने गाडी अंगणात विटांवर उभी होती. पेरणी आली की चाचांकडं ट्रॅक्टरची रांग, मग जीपला कोण हात लावणार, एखादा पार्ट नागपूरहून यायला पंधरा दिवस, आणि तो चुकीचा आला तर अजून पंधरा. एक आख्खा खरीप त्याचा गाडीवाचून गेला, कापूस भाड्याच्या ट्रॅक्टरनं आणला. वहिनी मला विचारायच्या, "भाऊजी, या सांगाड्याले दरवाजे लागन कधी?" बांधायचं म्हणणाऱ्यानं हे चौदा महिने आधीच मोजून ठेवावेत, आणि ठरवलेल्या पैशाच्या वर निदान अर्धे तरी बाजूला काढून ठेवावेत, कारण उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडल्यावर थांबता येत नाही.

मग त्यानं जे लावलं ते एवढंसंच आहे. समोर आणि मागं ओढायचे हुक, थेट फ्रेमला आरपार बोल्टनं. टायर पुन्हा तेच 6.00-16, जाड लगवाले, कारण आमच्या नाल्यात वरचा गाळ वीतभर आणि खाली मुरूम, अरुंद टायर गाळ कापून मुरूम धरतो, रुंद टायर वरच घसरत राहतो. जिथं काळी माती खोलवर आहे, खाली मुरूमच नाही, तिथं हे चालणार नाही, तिथं रुंद टायर आणि हवा कमी करून सोळा-अठरा पीएसआयवर आणणं बरं. ज्याची जशी पांदण तसा टायर. विंच त्यानं घेतलाच नाही. विंच पूर्ण ताकदीनं ओढतो तेव्हा चारशे अँपिअरच्या आसपास करंट खातो, जुन्या जीपची बॅटरी त्यात बसते. त्याच्या गाडीत विहिरीतून मोटर काढायची दोन टनाची चेनकप्पी असते आणि एक रुंद पट्टा, धुऱ्यावरच्या बाभळीला पट्टा गुंडाळायचा आणि हळूहळू ओढून घ्यायचं. वेळ लागतो, गाडी निघते.

आणि हे बघा, हे मला फार आवडलेलं काम. ही काळी रबरी नळी. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधला गियरचा गोळा, त्याच्या हौजिंगला वर एक छोटा ब्रीदर असतो, आतली हवा खेळती राहायला. गाडी चार किलोमीटर चालली की हौजिंग तापतं, तसंच नाल्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढून घेते. त्यानं दोन्ही ब्रीदरना नळी लावून ती बोनेटच्या आत वरपर्यंत नेली. काही शे रुपयांचं काम. माझ्या गाडीत दोन लाखांचं सामान होतं, ही नळी नव्हती. माझ्या मागच्या हौजिंगचा ड्रेन प्लग खोलला तेव्हा जे निघालं ते बघा, दूध जास्त झालेल्या चहासारखं. तेल आणि पाणी घुसळून. आतल्या क्राऊन-पिनियन गियरवर गंज आलेला.

ताडोब्याकडच्या जुन्या सफारी जिप्सीबद्दल बरेच जण विचारतात म्हणून मधेच सांगतो. जिप्सी 1985 साली आली, 2019 मध्ये बंद झाली, वजनानं हजार किलोच्या आसपास, त्यामुळं चिखलात हलकी पडते हे खरं. पण ती भाड्याच्या धंद्यातली असेल तर पिवळ्या पाटीची खाजगी करून घ्यायचं काम आणि त्याचा खर्च आधी विचारा, आणि खालचा पत्रा बघा.

तयार गाडी कधीच घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. ज्यानं बांधली तोच विकतोय, त्याचीही जमीन काळी आहे, बिलं दाखवतो, काढलेले जुने पार्ट पोत्यात बांधून ठेवलेत, केलेला बदल आरसीवर चढवलाय, आणि तुमच्यासमोर ड्रेन प्लग खोलायला नाही म्हणत नाही, तर दोन पैसे जास्त द्या आणि ती घ्या, तुमचे चौदा महिने वाचतील. पण ती पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात सगळ्याच फोर बाय फोर चालतात. श्रावणात त्याला म्हणा, चल तुझ्या वावरात घेऊन, आणि तू चालव, मी बाहेरून बघतो. आणि सोबत असा मिस्त्री न्या ज्याला त्या गाडीचं कमिशन मिळणार नाहीये.

माझी जीप आता चाचांच्या शेडमध्ये आहे, बॉडी वेगळी, फ्रेम वेगळी. तो वेल्ड कापून काढला, तेवढा तुकडा नवा घातला, शॅकल मूळ मापाचे आले, 31 इंची टायर उतरवले, विंच काढला. इंजिनाची नोंद व्हावी म्हणून अर्ज दिलाय, दोन चकरा झाल्या, तिसरी सोमवारी आहे. आत्तापर्यंत वरून एक लाख साठ हजार गेले. म्हणजे शेवटी मीही बांधतोच आहे, फक्त आधी दुसऱ्याचं केलेलं उकलून.

काल मामेभावाच्या गाडीचं मागचं तेल बदललं. आख्खा पावसाळा नाल्यातून बाया, खताची पोती अन् कापूस आणून झालेली गाडी. चाचांनी प्लग खोलला, खाली पांढरी थाळी धरली, तेल काळपट सोनेरी, स्वच्छ, मधासारखी धार. मामेभाऊ काहीच बोलला नाही. त्यानं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि थाळी माझ्याकडं सरकवली.