ही वाटी की ती?

इंदूर. रामबागेतलं एक मराठी घर. जेवणं आटोपलीत, चहाला अजून अवकाश आहे. फरशीवर स्टीलच्या तीन वाट्या पालथ्या घातल्यात. एकीखाली पेढा. कुठल्या, ते फक्त आजींना ठाऊक.

नातवानं मधलीवर बोट ठेवलं. आजींनी डावीकडची उचलली. "ही खाली." इंदुरी मराठीत रिकामी म्हणजे खाली; पुणेकरांनी वाटीखाली डोकावू नये.

"बदलतोस का रे?"

"कशाला? दोनच तर उरल्या. फिफ्टी-फिफ्टी."

त्याचं बोट बघा. तसूभर हललेलं नाही.

खरं तर बदलायला हवं. बोट ठेवलं तेव्हा मधलीखाली पेढा असण्याची शक्यता तिनात एक होती, ती अजून तेवढीच आहे. बाकीची तिनात दोन आता एकट्या उजवीकडचीकडे गेली. कारण आजींनी डोळे मिटून वाटी उचललेली नाही. पेढा कुठंय हे माहीत असून, मुद्दाम रिकामी शोधून उचलली. हेच काम मांजरीच्या धक्क्यानं झालं असतं, न निवडलेल्या दोनांतली एक उलटून रिकामी निघाली असती, तर नातवाचं फिफ्टी-फिफ्टी बरोबर होतं! आपण वाट्या मोजतो. आजींना काय माहीत आहे, ते मोजत नाही.

कोडं जुनंच. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी ते 1975 साली मांडलं. 1990 मध्ये स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 'परेड' या अमेरिकी साप्ताहिकात बरोबर उत्तर दिलं, तर सुमारे दहा हजार पत्रं आली. बहुतेक 'तुमचं चुकलं' म्हणणारी, त्यात जवळजवळ हजार पीएचडीवाल्यांची. पॉल एर्डिशसारख्या गणितज्ञालाही कॉम्प्युटरवर डाव खेळून दाखवल्यावरच पटलं.

पण अडतं ते नुसत्या गणितापाशी नाही. न बदलता हरलो, तर नशीब. बदलून हरलो, तर "हातातला घालवला" हे रात्रभर टोचतं.

कबुतरांना ते टोचत नसावं. हाच खेळ कबुतरांना शिकवणाऱ्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात महिनाभराच्या सरावानं ती जवळजवळ दर वेळी बदलू लागली. माणसं दोनशे डावांनंतरही अधूनमधून पहिल्या निवडीला चिकटलेली.

नातू वहीत रेघा मारतोय. बदलून जिंकलेल्या रेघा वाढत चालल्यात.

"आता मी लपवतो, आजी. तू सांग."

आजींनी उजवीकडचीवर बोट ठेवलं. त्यानं मधली उचलली, रिकामी. "बदलतेस?"

"मी? छे रे. माझी हीच."