गुलाबाचा वास आधी घालवा

(दृश्य : डेल्फ्टचा कालवा, सायकली)

नेदरलँड्समधलं डेल्फ्ट. यीस्ट इथे जुनं आहे. याकोब फान मार्केन यांनी एकोणिसाव्या शतकातच इथे यीस्टचा कारखाना काढला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनुस बायरिंक १८८५ मध्ये त्याच कारखान्यात रुजू झाले.

(दृश्य : ट्रेमधली रोपं, जवळून)

हे अराबिडॉप्सिस. मोहरीच्या कुळातलं, बाजारात कुणी विचारणार नाही असं. पण फेनिलअॅलॅनिन या अमिनो आम्लापासून पाच पायऱ्यांत ते नॅरिंजेनिन तयार करतं. ग्रेपफ्रूटला कडवटपणा देणाऱ्या नॅरिंजिनचा गाभा हाच. पुढे कितीतरी फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींमधली याच घराण्यातली रसायनं, यातूनच फुटतात.

(दृश्य : पेट्री डिश, पांढऱ्या वसाहती)

हे पावाचं यीस्ट. याला फ्लेव्होनॉइडचा गंध नाही. डेल्फ्टच्या संशोधकांनी त्यात अराबिडॉप्सिसची जनुकं घातली. सोबत एक जनुक चक्क एका जिवाणूचं, टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडून येणारी आडवाट उघडणारं.

बातम्यांमध्ये गोष्ट इथेच संपते. खरी मेहनत पुढे आहे, आणि ती घालण्याची नाही, काढण्याची आहे.

(दृश्य : शेकरवर फिरणारे फ्लास्क)

पेशीत फेनिलअॅलॅनिन पुरेसं झालं की यीस्ट ते बनवणाऱ्या वाटेचं पहिलंच एन्झाइम, म्हणजे ती पायरी घडवणारं प्रथिन, थांबवतं. म्हणून त्या एन्झाइमचं एक जनुक काढून टाकलं. दुसरं असं बदललं, की थांबण्याचा निरोप त्याला पोचूच नये.

तरी गळती होतीच. फेनिलअॅलॅनिन व्हायच्या आधीच यीस्ट कच्चा माल वळवून त्याचं फेनिलइथेनॉल करत होतं. गुलाबाच्या सुगंधातला एक मुख्य घटक हाच. अत्तरवाल्याला आनंद झाला असता! इथे मात्र तीन जनुकं काढून ती वाट बुजवली.

मग पुढचा तुंबारा. नॅरिंजेनिनच्या वाटेवरचा मधला पदार्थ, कुमारिक आम्ल, साचायला लागलं, कारण त्यानंतरचं चॅल्कोन सिंथेज हे एन्झाइम कमी पडत होतं. त्याच्या जनुकाच्या आणखी प्रती घातल्या.

(दृश्य : काचेचा फर्मेंटर, हवेचे बुडबुडे)

२०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नुसत्या ग्लुकोजवर वाढणारं यीस्ट, हवा आणि आम्लता सांभाळलेला फर्मेंटर, आणि लिटरमागे १०० मिलीग्रॅमहून जास्त नॅरिंजेनिन. बाहेरून कुमारिक आम्ल पाजावं लागलं नाही, हे महत्त्वाचं.

(दृश्य : कापलेलं ग्रेपफ्रूट)

हे फळापेक्षा स्वस्त पडेल का, बागायतदाराचं काय, नियम कोणते, हे प्रश्न आहेतच.

(दृश्य : पुन्हा फर्मेंटर, नमुना काढणारा हात)

अडचण आणखी एक. नॅरिंजेनिनच्या प्रत्येक रेणूमागे मॅलोनिल-कोए या पेशीतल्या कच्च्या मालाचे तीन रेणू खर्ची पडतात. यीस्टला तेच स्वतःच्या मेदाम्लांसाठी हवे असतात. तिथे हात घातला तर पेशीची वाढच खुंटते. इथे नुसतं जनुक काढून टाकून चालत नाही. नॅरिंजेनिन आणि मेदाम्लं, दोघांचा वाटा ठरवावा लागतो, आणि पुढच्या कितीतरी प्रयोगशाळांची झटापट त्या वाट्यावरूनच चालली आहे.