वजनकाट्यामागची खोली

(दृश्य : जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याबाहेरचा रस्ता, सकाळचे सात. केळीचा ट्रक वजनकाट्यावर चढतो.)

ट्रक काट्यावर आला, आकडा स्थिरावला, खिडकीतून पावती बाहेर आली. ड्रायव्हरनं ती घडी करून खिशात घातली आणि गाडी निघाली. पावती कुठून आली म्हणून विचारलं, तर तो खिडकीकडे बोट दाखवील. आपण खिडकीच्या मागं जाऊ.

(दृश्य : अरुंद खोली. हिरवे दिवे लुकलुकतात.)

दहा बाय आठची खोली. पूर्वी इथं बारदान ठेवायचे. आता एक रॅक आहे. रॅकमध्ये सर्व्हर, त्याच्या डोक्यावर स्विच, म्हणजे चोवीस केबली जोडायची पेटी, पायाशी यूपीएस. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांची खाती, मागच्या रायपनिंग चेंबरचं (केळी पिकवायच्या खोलीचं) तापमान, सगळं या एका पेटीत जातं.

मे महिना आहे. बाहेर पारा पंचेचाळीसकडे निघालाय आणि सर्व्हरला तोंडाशी हवा लागते 18 ते 27 अंशांची. साहेबांच्या केबिनचा एसी दुपारी बंद झाला तर चालेल, या खोलीचा नाही. एवढं पटवून द्यायला दोन उन्हाळे गेले.

पटवून देणारा हा. सगळे त्याला भाऊ म्हणतात. नाव घालू नका म्हणाला, म्हणून घातलेलं नाही. पगारपत्रकावर तो ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’ आहे.

(दृश्य : हातांचं क्लोज-अप. निळी केबल, क्रिम्पिंग टूल.)

हे हात बघत राहावेसे वाटतात. केबलचं साल सोललं, आठ तारा मोकळ्या केल्या, बोटांनी सरळ केल्या. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम त्याला पाढ्यासारखा पाठ आहे. तारा एका रेषेत कापल्या, प्लास्टिकच्या टोपीत सरकवल्या, पकड दाबली. कट्. मग टेस्टर लावला. एक ते आठ दिवे ओळीनं लागले. सातवा दिवा लागला नाही, तर भाऊ टोपी छाटून टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आमच्यासमोर त्यानं तीन टोप्या छाटल्या. एकदाही चिडला नाही.

(दृश्य : स्क्रीन. अक्षरांच्या ओळी खालून वर सरकतात.)

ही सर्व्हरची लॉगिन-वही. कोण दाराशी आलं, कोण आत गेलं, कुणाला परतवलं, सगळं सेकंदासकट लिहिलेलं. बघा, ‘फेल्ड पासवर्ड’, ‘फेल्ड पासवर्ड’, पुन्हा ‘फेल्ड पासवर्ड’. नावं कुठली? रूट, अॅडमिन, टेस्ट, ओरॅकल. सावद्यात ओरॅकल नावाचं कुणी राहत नाही. ही माणसं नाहीतच. जगात कुठंतरी बसवलेले प्रोग्राम आहेत. ते इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत फिरतात. इथं केळी तोलतात की सोनं, त्यांना काही देणंघेणं नाही.

सर्व्हरला अशी दारं 65 हजारांवर. त्यांना पोर्ट म्हणतात. भाऊनं इथं आल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर उघडी दारं मोजली. त्यात 3306 निघालं, डेटाबेसचं. ते फक्त आतल्या अंगाला उघडं हवं, ते रस्त्यावर उघडं होतं. काटा चालत होता, पावत्या निघत होत्या, मग बघणार कोण?

22 नंबरचं दार मात्र लागतंच. घरून किंवा दुसऱ्या डेपोतून सर्व्हरवर काम करायचं तर एसएसएच याच दारानं आत येतो. 1995 साली फिनलंडच्या एका विद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कुणीतरी वाटेतच चोरून वाचले. मग तातू यलोनेन यांनी सगळं संभाषण कुलूपबंद करणारा हा प्रोग्राम लिहिला. 21 वर एफटीपी, 23 वर टेलनेट हे जुने प्रोग्राम, दोघांच्या मधलं 22 रिकामं होतं. त्यांनी ते मागितलं आणि मिळालं.

भाऊनं या दारावरून पासवर्डच काढून टाकला. त्याच्या जागी किल्ल्यांची जोडी. खाजगी किल्ली त्याच्या लॅपटॉपमध्ये, तीही सांकेतिक वाक्यानं बंद. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. जोडी जुळली तरच दार उघडतं. रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, बाहेरून थेट प्रवेश नाही. आधी आपल्या नावानं आत यायचं, लागतील तेवढ्यापुरते ते अधिकार सुडो या आज्ञेनं घ्यायचे. वर फेल टू बॅन नावाचा प्रोग्राम पहारा देतो. दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की त्या पत्त्याला काही वेळ दार बंद.

हे बदल करताना स्क्रीनवरची जुनी खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघायचं, मगच पहिली मिटायची. ही अक्कल भाऊला पुस्तकातून आलेली नाही, एका रात्रीतून आली.

(दृश्य : संध्याकाळ. मोटरसायकल, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा.)

त्या रात्रीचं चित्रण आमच्याकडे नाही. हा रस्ता तोच, मोटरसायकल तीच. भाऊ फैजपूरला घरी बसून सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे कुठलं दार उघडं नि कुठलं बंद ते ठरवणारा प्रोग्राम, चालू करत होता. नियम असा की आधी 22 ला परवानगी द्यायची, मग बाकी सगळं बंद करायचं. त्यानं आधी बंद केलं. चालू जोडणी तुटू शकते, पुढं जायचं का, असं स्क्रीननं विचारलं होतं. त्यानं ‘वाय’, म्हणजे हो, दाबलं. जोडणी थोडा वेळ टिकली. मग घरचं नेट एकदा गेलं, आणि परत आलं तेव्हा तो स्वतःच दाराबाहेर. रात्री साडेअकराला सावद्याला येऊन त्यानं वॉचमनला उठवलं, सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड जोडला आणि एक ओळ लिहिली. येण्याजाण्यात तास गेला, ओळीला दहा सेकंद.

(दृश्य : गोदामाचं छत, धुळीनं माखलेला कॅमेरा. खाली क्रेटमध्ये केळीच्या फण्या.)

हा कॅमेरा आणि त्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. बसवणाऱ्यानं पासवर्ड कारखान्यातला होता तोच ठेवला होता. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं असलेच कॅमेरे आणि राउटर पकडले. त्याच्याकडे कारखान्यातल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी होती, तेवढी पुरली. त्या फौजेनं 21 ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या. आता सावद्यातल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड बदललाय, आणि व्हीलॅन करून, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे वाडे पाडून, ते सर्व्हरपासून वेगळ्या वाड्यात ठेवलेत. चेंबरची यंत्रं तिसऱ्या वाड्यात. तिथं इथिलीन सोडून केळी पिकवतात, कुणी बाहेरून तापमान हलवलं तर माल सडेल.

(दृश्य : रविवार. टेबलावर जुना डेस्कटॉप, बाहेरची हार्ड डिस्क.)

महिन्याचा पहिला रविवार. हार्ड डिस्क घरून जेवणाच्या पिशवीत आली. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, रेड लावलेलं आहे, मग हे कशाला, असं साहेब विचारतात. रेड आरशासारखं असतं. इकडं फाइल खोडली की तिकडंही त्याच क्षणी खोडली जाते.

भाऊ नुसता बॅकअप घेत नाही, तो या जुन्या डेस्कटॉपवर परत उतरवून बघतो. पट्टी पुढं सरकते, आपण थांबू. हं. उघडली. मार्चमधली पावती, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन. त्यानं कागदाच्या पावतीशी ती ताडून पाहिली आणि वहीत बरोबरची खूण केली.

12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आला, 445 नंबरच्या दारानं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती 14 मार्चलाच निघाली होती. ज्यांनी अपडेट लावलं नाही ते सापडले. पुढं कधीतरी याच पट्ट्यातल्या एका व्यापाऱ्याचे दोन हंगामांचे हिशेब असल्याच एका खंडणीखोर प्रोग्राममुळं गेले.

लॉग 180 दिवस जपायचे, घड्याळ सरकारी टाइम सर्व्हरशी जुळवायचं, घटना घडली की सहा तासांत कळवायचं, असं सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये सांगितलंय. भाऊनं ते छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. कागदाखाली नाव लिहायला जागा आहे, ‘जबाबदार अधिकारी’. ती कोरी आहे.

(दृश्य : दिवस मावळतो. भाऊ शटर ओढतो. फोन वाजतो.)

काट्यावरचा कारकून अमळनेरकडचा. “भाऊ, नेट बंद पडी गया.”

(दृश्य : पुन्हा खोली. भाऊ वाकून भिंतीजवळ बघतो.)

सर्व्हर चालू. राउटर चालू. स्विच अंधारात. त्याचा प्लग जमिनीवर, आणि सॉकेटमध्ये कुणाचा तरी मोबाइल चार्जर. भाऊनं चार्जर काढून शेजारच्या सॉकेटला लावला, मोबाइल चार्ज होतोय ना ते पाहिलं, स्विचचा प्लग बसवला. हिरवे दिवे एकामागून एक लागले. मग खिशातून चिकटपट्टी काढली, पेनानं ‘काढू नये’ लिहिलं आणि प्लगवरून दोन वेढे दिले.

बाहेर पुढचा ट्रक काट्यावर चढतोय.