एका घड्याळातल्या दोन पहाटा

(पडद्यावर भारताचा नकाशा. पूर्वेकडून उजेड सरकतोय.)

जूनमधली सकाळ. दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारासच सूर्य उगवलाय. तोच सूर्य मुंबईत दिसेपर्यंत सहा वाजतात. उजाडण्यात पावणेदोन तासांचा फरक, घड्याळ मात्र एकच: मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं.

(गिरणगावाची जुनी छायाचित्रं.)

या घड्याळाशी मुंबईही भांडलीय. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. काटे पुढे सरकले, म्हणजे पाळी ३९ मिनिटं आधी सुरू. कामगाराची तेवढी झोप गेली. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी कामावर जायला नकार दिला, गिरणीवर दगड पडले. शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत तग धरून होता.

(हिंजवडी, रात्र.)

आता काटे परदेशातून हलतात. न्यूयॉर्कमधल्या सकाळी दहाच्या मीटिंगला उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग इथे साडेआठला येते. घरी पानं वाढून झालेली असतात, पोरगं पेंगुळलेलं असतं.

(चहाचा मळा, पहाट.)

आसामच्या चहामळ्यांनी मात्र आपल्यापुरता मार्ग काढलाय: 'बागान टाइम'. भारतीय वेळेने सात, तेव्हा मळ्यात आठ. पाठीला टोपली बांधून बायका उजेडाबरोबर कामाला लागतात, दोन पानं आणि एक कळी खुडत पुढे सरकतात, काळोख पडायच्या आत घरी परततात. कुंपणाबाहेरच्या कचेऱ्यांना ही मुभा नाही. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. उरलेलं काम दिव्याखाली.

२०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी वेगळी प्रमाणवेळ सुचवली, तासभर पुढची. दोन वेळांमधली रेषा पश्चिम बंगाल आणि आसामच्या अरुंद सीमेवर, म्हणजे रेल्वेला काटे बदलावे लागणार ते मोजक्याच ठिकाणी. प्रस्ताव अजून कागदावरच आहे. तो मान्य व्हायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं. ती नवी वेळ म्हणजे हाच बागान टाइम. मळ्यातली बाई आणि तिच्या मुलाची शाळा एकाच घड्याळावर चालतील.